जुन्या सर्व्हरवर पायथन कंपाईल होतं, पण एसएसएल मॉड्यूल येत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतले काही लहान कारखाने आणि पिंपळगाव-ओझर पट्ट्यातली द्राक्षांची पॅकहाऊस यांचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळते. त्यातले बरेचसे अजून सेंटओएस ७ या जुन्या लिनक्स आवृत्तीवर आहेत. मशीन चालू आहे, त्यावरचं बिलिंग चालू आहे, हंगामात ते बंद ठेवायला कोणी तयार होत नाही, म्हणून ते तसेच राहिले आहेत. आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुठून तरी तोच फोन येतो: "मॅडम, नवीन पायथन टाकलं, पण पिप काहीच डाऊनलोड करत नाही."

पिप म्हणजे पायथनची पॅकेज उतरवणारं साधन; सुरक्षित जोडणीसाठी त्याला पायथनचं एसएसएल मॉड्यूल लागतं, आणि त्या मॉड्यूलला ओपनएसएसएल ही लायब्ररी. हा दोष इतक्या वेळा काढलाय की तपासण्यांचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे लिहिते. उदाहरणं सेंटओएस ७ ची आहेत; उबंटूवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. कमांड आणि एरर आपण बोलताना म्हणतो तशा देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्यांचं नेहमीचं स्पेलिंग टाईप करा.

बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा: सिस्टीमच्या स्वतःच्या ओपनएसएसएलला हात लावायचा नाही. नवीन हवं असेल तर ते शेजारी बसवायचं, जुन्याच्या जागी नाही. खालची प्रत्येक पायरी याच नियमाने लिहिली आहे.

लक्षणं

गंमत अशी की कंपाईल करताना, म्हणजे सोर्सपासून पायथन बांधताना, काहीच अडत नाही. बांधणी करणारं 'मेक' शेवटपर्यंत जातं, इन्स्टॉल होतं, पायथनचा प्रॉम्प्टही येतो. पायथनच्या बिल्डमध्ये एसएसएल हे ऐच्छिक मॉड्यूल धरलेलं आहे, त्यामुळे ते बनलं नाही तरी बाकीचं काम थांबत नाही. म्हणून दोष त्या दिवशी दिसत नाही, पहिल्यांदा इंटरनेटला जोडायची वेळ येते तेव्हा दिसतो. साधारण हे दिसतं:

– पिप चालवल्यावर 'द एसएसएल मॉड्यूल इन पायथन इज नॉट अव्हेलेबल' अशी वॉर्निंग, आणि पुढे 'कान्ट कनेक्ट टू एचटीटीपीएस यूआरएल'.

– पायथनमध्ये 'इम्पोर्ट एसएसएल' केलं की 'नो मॉड्यूल नेम्ड अंडरस्कोर-एसएसएल'.

– 'मेक'च्या आउटपुटमध्ये अगदी शेवटी 'कुड नॉट बिल्ड द एसएसएल मॉड्यूल' आणि त्याखाली 'पायथन रिक्वायर्स अ ओपनएसएसएल १.१.१ ऑर न्यूअर'.

– किंवा याहून वेगळी ओळ: मॉड्यूल 'बिल्ट सक्सेसफुली' झाली, पण 'कुड नॉट बी इम्पोर्टेड' म्हणून काढून टाकली, आणि यादीत अंडरस्कोर-एसएसएल आणि अंडरस्कोर-हॅशलिब.

शेवटच्या दोन लक्षणांतला फरक नीट बघा. 'बनलंच नाही' म्हणजे हेडर फाईल (लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) मिळाल्या नाहीत किंवा जुन्या मिळाल्या. 'बनलं, पण इम्पोर्ट होत नाही' म्हणजे कंपाईलच्या वेळी लायब्ररी सापडली, चालवताना सापडली नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि लोक पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लावत दिवस घालवतात.

हे होतं कशामुळे

पायथन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, आणि त्या आवृत्तीपासून ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढचं असणं सक्तीचं झालं. सेंटओएस ७ सोबत येतं १.०.२के. उबंटू १६.०४ वरही १.०.२ चंच कुटुंब. ओपनएसएसएलच्या मूळ प्रकल्पाने १.०.२ ला डिसेंबर २०१९ अखेर निरोप दिला, १.१.१ ला ११ सप्टेंबर २०२३ रोजी. सेंटओएस ७ चा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळणं, ३० जून २०२४ ला संपला. टीएलएस १.३ हा सुरक्षित जोडणीचा आजचा प्रोटोकॉल १.०.२ ला माहीतच नाही, तो १.१.१ पासून आला. म्हणजे पायथनवाल्यांनी उगाच अडवलंय असं नाही. जुन्या लायब्ररीला सांभाळून घेत नवीन कोड लिहिणं त्यांनी थांबवलं, एवढंच.

एक गैरसमज इथे दूर करते. '१.०.२के' हे नाव बघून ती जानेवारी २०१७ सालची, भोकं पडलेली लायब्ररी आहे असं समजू नका. रेड हॅटच्या घराण्यात (सेंटओएस त्यातलंच) आवृत्तीचा आकडा तोच ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून लावतात. जून २०२४ पर्यंत हे होत होतं. त्यानंतर मात्र फुकट मिळणाऱ्या सेंटओएसला त्या मिळत नाहीत.

पहिली तपासणी: कंपाईल करायची गरज आहे का?

हिला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच केस इथेच मिटतात. विचारा: ३.१० च्या पुढचंच पायथन कशाला हवंय? पुष्कळदा उत्तर येतं, "ट्युटोरियलमध्ये होतं." जी स्क्रिप्ट चालवायची आहे ती ३.९ किंवा ३.८ वर चालत असेल आणि मशीन बाहेरच्या जगाला उघडं नसेल, तर त्या आवृत्त्या १.०.२ वर कंपाईल होतात. पण त्यांचाही आधार संपलेला आहे, तेव्हा हा उपाय फक्त कारखान्याच्या आतल्या नेटवर्कपुरता.

खरंच नवीन हवं असेल तर तयार बायनरी घ्या. 'यूव्ही' हे साधन पायथनच्या तयार बांधलेल्या प्रती उतरवून देतं, त्यांच्या पोटात त्यांचं स्वतःचं ओपनएसएसएल असतं, आणि जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७ असलेल्या सेंटओएस ७ वर त्या चालतात. सिस्टीमच्या लायब्ररीशी संबंधच येत नाही. डॉकर चालत असेल तर कंटेनर हा त्याहून स्वच्छ मार्ग.

कंपाईल करण्यात कमीपणा नाही, पण ती जबाबदारी आहे. आज तुम्ही बांधलेलं ओपनएसएसएल उद्या अपडेट करणार कोण? यमला, म्हणजे सेंटओएसच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला, ते माहीतच नसणार. याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर तयार प्रत घ्या.

दुसरी तपासणी: मशीनवर नेमकं कोणतं ओपनएसएसएल आहे?

'ओपनएसएसएल व्हर्जन' टाईप करून ३.० दिसलं आणि लोक निर्धास्त झाले, असं मी अनेकदा बघितलंय. ती कमांड फक्त एवढंच सांगते की पाथमध्ये सगळ्यात आधी सापडलेली ओपनएसएसएलची बायनरी कोणती. कंपायलरला त्या बायनरीशी घेणं-देणं नाही. त्याला हेडर फाईल लागतात आणि लिंक करायला लायब्ररी लागते. या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणच्या असू शकतात.

म्हणून तीन प्रश्न विचारा. 'विच -ए ओपनएसएसएल', म्हणजे अशा बायनरी किती आणि कुठे आहेत. 'पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन ओपनएसएसएल', म्हणजे कॉन्फिगरला (कंपाईलआधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्टला) कोणती आवृत्ती दिसणार आहे. आणि 'एलडीकॉन्फिग -पी' मध्ये लिबएसएसएल शोधा, म्हणजे चालताना कोणत्या लायब्ररी उपलब्ध आहेत. १.०.२ ची फाईल सेंटओएसवर 'लिबएसएसएल.एसओ.१०' नावाने असते, १.१.१ ची 'लिबएसएसएल.एसओ.१.१', आणि ३ च्या मालिकेची 'लिबएसएसएल.एसओ.३'. नावं वेगळी आहेत म्हणूनच तिघी एकाच मशीनवर सुखाने राहू शकतात.

ॲनाकोंडा बसवलेल्या मशीनवर इथे हमखास गोंधळ असतो. त्याचा बेस एन्व्हायर्नमेंट चालू राहिलेला असतो, बायनरी त्याची दिसते, हेडर सिस्टीमचे. कंपाईल करायच्या आधी 'कोंडा डिॲक्टिव्हेट' करून टर्मिनल नव्याने उघडा.

तिसरी तपासणी: डेव्हल पॅकेज

यात डोकं लावण्यासारखं काही नाही. सेंटओएसवर 'ओपनएसएसएल-डेव्हल', उबंटूवर 'लिबएसएसएल-डेव्ह'. ते नसेल तर हेडर नाहीत, आणि हेडर नाहीत तर मॉड्यूल नाही. उबंटू २०.०४ किंवा त्यापुढच्या मशीनवर हा दोष आला की जवळजवळ नेहमी एवढंच असतं, कारण तिथलं ओपनएसएसएल मुळात पुरेसं नवीन आहे. त्याच झटक्यात झेडलिब, बीझिप२ आणि लिबएफएफआय यांचीही डेव्हल पॅकेज बसवून टाका, नाहीतर एसएसएल सुटल्यावर पुढचा अडथळा त्यांचाच येतो.

सेंटओएस ७ वर यमच अडलं तर घाबरू नका. आधार संपल्यावर त्याची मिररलिस्ट (पॅकेज उतरवायच्या पत्त्यांची यादी) बंद झाली. जुनी पॅकेज आता व्हॉल्टच्या, म्हणजे जुन्या साठ्याच्या, पत्त्यावर आहेत. रेपोच्या फाईलमध्ये मिररलिस्टची ओळ कॉमेंट करून बेसयूआरएल व्हॉल्टकडे वळवा. मूळ फाईलची कॉपी आधी काढून ठेवा.

चौथी तपासणी: कॉन्फिगर काय सांगतंय ते वाचा

कॉन्फिगर शेकडो ओळी भराभर टाकतं आणि आपण शेवटची ओळ बघून पुढे जातो. आउटपुट एका फाईलमध्ये घ्या आणि त्यात ओपनएसएसएल शोधा. दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. एक, 'कंपायलिंग अँड लिंकिंग अगेन्स्ट ओपनएसएसएल वर्क्स'. दुसरी, ओपनएसएसएल हवे ते 'रिक्वायर्ड एपीआय' देतं का ते तपासणारी.

पहिलीपुढे 'नो' असेल तर हेडर किंवा लायब्ररी सापडलीच नाही: पाथ चुकलाय किंवा डेव्हल पॅकेज नाही. पहिलीपुढे 'येस' आणि दुसरीपुढे 'नो' असेल तर सापडली, पण जुनी आहे. निदान एवढंच. याहून खोल जायचं असेल तर 'कॉन्फिग.लॉग' उघडा, कंपायलरने दिलेली खरी एरर तिथे शब्दशः असते.

आणि प्रत्येक वेळी काही बदलून पुन्हा प्रयत्न करताना 'मेक डिस्टक्लीन' करा. ही पायरी वगळली म्हणून कितीतरी जणांचा बरोबर उपायसुद्धा फसलेला मी बघितलाय: आधीच्या फेरीत बनलेल्या फाईल तशाच राहतात, नवीन पाथ वाचलाच जात नाही, आणि मग माणूस वैतागून सिस्टीमच्या लायब्ररीकडे वळतो. शंका असेल तर सोर्सचं फोल्डरच उडवा आणि टारबॉल नव्याने सोडवा.

पाचवी तपासणी: डिस्ट्रिब्युशनकडेच दुसरी आवृत्ती आहे का?

स्वतः ओपनएसएसएल बांधण्याआधी हे बघाच. सेंटओएस ७ साठी एपेल या जादा पॅकेजच्या रेपोत 'ओपनएसएसएल११' आणि 'ओपनएसएसएल११-डेव्हल' ही पॅकेज होती. आता ती फेडोराच्या आर्काइव्हमध्ये आहेत. त्यांच्यात १.१.१ आहे, आणि ती मूळ १.०.२ च्या शेजारी बसतात, तिला धक्का लावत नाहीत.

फक्त पायथनचं कॉन्फिगर 'ओपनएसएसएल' या नावाने चौकशी करतं आणि इथे नाव आहे 'ओपनएसएसएल११'. म्हणून सोर्समधल्या कॉन्फिगर फाईलमध्ये जिथे पीकेजी-कॉन्फिगला 'ओपनएसएसएल' विचारलंय, तिथे सेड (मजकूर बदलणारी कमांड) वापरून 'ओपनएसएसएल११' करायचं. त्यानंतर कॉन्फिगर, मेक, आणि शेवटी 'मेक ऑल्टइन्स्टॉल'. साधं 'मेक इन्स्टॉल' नको, त्याने 'पायथन३' या नावावर तुमची प्रत चढून बसते.

१.१.१ ला आता मूळ प्रकल्पाकडून दुरुस्त्या मिळत नाहीत हे खरं. तरीही आतल्या नेटवर्कवरच्या मशीनसाठी मी अजून हा मार्ग घेते. चुकायला जागा कमी आहे.

सहावी पायरी: ओपनएसएसएल शेजारी बांधणं

वरचं काहीच लागू पडलं नाही तरच इथे या. मशीनचा बॅकअप घेतलाय का, आणि मशीनसमोर प्रत्यक्ष जाऊन बसता येईल का, याची खात्री आधी करा.

सोर्स अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि एसएचए-२५६ चेकसम जुळवा. ही सगळ्या सर्व्हरचं कुलूप होणारी वस्तू आहे. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली झिप यासाठी चालत नाही. जुनं मशीन कधी कधी ती फाईल उतरवूच शकत नाही, सर्टिफिकेट नाकारतं. अशा वेळी तपासणी बंद करणारा पर्याय देऊन उतरवू नका. आपल्या लॅपटॉपवर उतरवा, चेकसम जुळवा, मग एससीपीने पाठवा.

ओपनएसएसएल ३ ची बांधणी पर्लवर चालते. सेंटओएस ७ च्या किमान इन्स्टॉलवर 'आयपीसी-सीएमडी' हे पर्लचं मॉड्यूल नसतं, आणि पहिल्याच मिनिटाला 'कान्ट लोकेट' म्हणून गाडी थांबते. 'पर्ल-आयपीसी-सीएमडी' आणि 'पर्ल-डेटा-डंपर' ही पॅकेज बसवा, सुटतं.

मग कॉन्फिगला चार गोष्टी सांगायच्या, आणि चारही का सांगायच्या ते कळलं पाहिजे.

'--प्रीफिक्स=/ऑप्ट/ओपनएसएसएल३'. म्हणजे सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये. चुकलं तर ते फोल्डर उडवलं की झालं.

'--ओपनएसएसएलडिर=/ऑप्ट/ओपनएसएसएल३/एसएसएल'. ही लायब्ररी विश्वासू सर्टिफिकेट याच फोल्डरात शोधणार आहे. खाली हा मुद्दा पुन्हा येतो.

'--लिबडिर=लिब'. याच्यावरून माझा एक अख्खा रविवार गेला आहे. ६४ बिटच्या मशीनवर ओपनएसएसएल ३ आपल्या फाईल 'लिब६४' मध्ये ठेवतं. पायथनला '--विथ-ओपनएसएसएल' दिलं की ते त्या फोल्डराखाली 'लिब' मध्येच बघतं. त्यामुळे सगळं बरोबर असून 'नो' येत राहतं. हेडर सापडतात, लायब्ररी सापडत नाही, आणि एरर वाचून ते कळत नाही. कॉन्फिग.लॉगमध्ये लिंकरची ओळ बघितली तेव्हा उलगडा झाला.

'-डब्ल्यूएल,-आरपाथ,/ऑप्ट/ओपनएसएसएल३/लिब'. याने नवीन बायनरीला स्वतःची लायब्ररी कुठे आहे हे कायमचं माहीत होतं. हे न दिल्यास 'लिबएसएसएल.एसओ.३ कॅनॉट ओपन' येतं, आणि मग लोक एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी शोधायच्या फोल्डरांचं सेटिंग) सगळ्यांच्या प्रोफाईलमध्ये टाकतात. तसं केलं की आज ना उद्या भलताच प्रोग्राम भलती लायब्ररी उचलतो.

पुढे 'मेक', 'मेक टेस्ट', आणि 'मेक इन्स्टॉल_एसडब्ल्यू'. 'मेक टेस्ट' वगळू नका. वेळ लागतो, लागू द्या.

सातवी पायरी: पायथनला नवीन पत्ता देणं

स्वच्छ सोर्समध्ये कॉन्फिगरला '--विथ-ओपनएसएसएल=/ऑप्ट/ओपनएसएसएल३' आणि '--विथ-ओपनएसएसएल-आरपाथ=ऑटो' असं दोन्ही द्या. दुसरा पर्याय ३.१० पासून आला आहे. तो दिला नाही तर यादीतलं तेच शेवटचं लक्षण दिसतं: बनलं, पण इम्पोर्ट होत नाही.

एक आडवी गोष्ट. सेंटओएस ७ चा जीसीसी ४.८.५ आहे. पायथन ३.११ पासून सी११ समजणारा कंपायलर लागतो, म्हणून तिथे आधी नवीन जीसीसी, म्हणजे डेव्हटूलसेट, घेतलेला बरा. ३.१० ला '--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स' दिलं तर जुना जीसीसी मध्येच 'रनपाय' मॉड्यूलची तक्रार करून थांबतो. ती एसएसएलची एरर नाही. पर्याय काढून टाका.

झालं की दोन गोष्टी बघा. पायथनमध्ये 'एसएसएल.ओपनएसएसएल_व्हर्जन' छापून घ्या, ३ ची मालिका दिसली पाहिजे. आणि 'लिब-डायनलोड' फोल्डरातल्या अंडरस्कोर-एसएसएल फाईलवर 'एलडीडी' (कोणती लायब्ररी कुठून येते ते दाखवणारी कमांड) चालवा. तिथे लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो दोन्हीपुढे /ऑप्ट चाच पत्ता हवा. एक नवीन आणि एक जुनी अशी जोडी दिसली तर पुढे जाऊ नका, डिस्टक्लीनपासून पुन्हा.

आठवी: सगळं झालं, तरी सर्टिफिकेट नाकारतंय

पिप चालतं, पण तुमची स्क्रिप्ट पायथनच्या यूआरएललिबने कुठे जोडायला गेली की 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड: अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट'. हे असं का? पिप आपल्यासोबत सर्टिफिकेटचा गठ्ठा घेऊन येतं. यूआरएललिब ओपनएसएसएलला विचारतं, आणि आपलं नवीन ओपनएसएसएल /ऑप्ट खालच्या ज्या फोल्डरात बघतं तिथे काहीच नाही.

आधी 'डेट' टाईप करा. खरंच. जुन्या मशीनची सीमॉसची बॅटरी गेलेली असते, लाईट गेली की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि जगातलं एकही सर्टिफिकेट मग वैध ठरत नाही. अंबडला एका गाळ्यात मी तासभर लायब्ररी तपासत होते आणि मशीन २०१५ सालात होतं. तेव्हापासून 'डेट' आधी.

घड्याळ बरोबर असेल तर 'एसएसएल.गेट_डीफॉल्ट_व्हेरिफाय_पाथ्स' छापा. तो दाखवेल तिथे, म्हणजे /ऑप्ट/ओपनएसएसएल३/एसएसएल मध्ये, 'सर्ट.पेम' नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नेणारी लिंक) करून ती सिस्टीमच्या गठ्ठ्याकडे वळवा: सेंटओएसवर /ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट्स खालचा 'सीए-बंडल.सीआरटी', उबंटूवर /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स खालचा 'सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी'. तो गठ्ठाच जुना असेल तर आधी त्याचं पॅकेज अपडेट करा. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा १.०.२ वाली कितीतरी मशीन एका रात्रीत चांगल्याभल्या साइटना नाकारू लागली होती.

'व्हेरिफाय=फॉल्स' लिहून मोकळं होऊ नका. ते लिहिलं की पलीकडे कोण बसलंय हे तुमचा प्रोग्राम बघतच नाही, आणि मग एवढं एन्क्रिप्शन बांधून काही उपयोग उरत नाही.

उलटी केस

कधी दुखणं उलट असतं: सिस्टीम नवीन, भाषा जुनी. उबंटू २२.०४ वर ओपनएसएसएल ३ आहे आणि तिथे रुबी ३.०, किंवा पीएचपी ७.४ आणि ८.०, कंपाईल करायला गेलं की क्रिप्टोच्या भागात एररचा पाऊस पडतो. ओपनएसएसएल ३ चा आधार रुबीत ३.१ पासून आणि पीएचपीत ८.१ पासून आला. उपाय तोच: भाषेची आवृत्ती वाढवा, अगदीच शक्य नसेल तर १.१.१ शेजारी बांधून तिचा पत्ता द्या. रुबीसाठी 'रुबी-बिल्ड' हे काम आपणहून करतं.

सिमलिंक बदलली तर काय होतं

गेल्या एका फेब्रुवारीत, द्राक्षांचा हंगाम भरात असताना, एका पॅकहाऊसमधून सकाळी सातला फोन आला. प्री-कूलिंगच्या खोल्यांचं तापमान दर दहा मिनिटांनी नोंदवून मेल करणारी स्क्रिप्ट बंद होती आणि सर्व्हरला एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, लागत नव्हतं. तिथल्या मुलाने रात्री इंटरनेटवर वाचून 'लिबक्रिप्टो.एसओ.१०' ही सिमलिंक नवीन लायब्ररीकडे वळवली होती. एसएसएचडी (ते लॉगिन देणारी सेवा) सुरू होताना आपण कोणत्या ओपनएसएसएलवर बांधलो आणि आत्ता कोणतं मिळालं हे तपासतो, जुळलं नाही तर बंद पडतो. आणि हे दिसलं मशीन रीस्टार्ट केल्यावर.

मी पेनड्राईव्ह घेऊन आग्रा हायवेने निघाले. मशीन रेस्क्यू मोडमध्ये घेतलं, 'आरपीएम -व्ही ओपनएसएसएल-लिब्स' चालवलं, तर त्या फाईलची लिंक बदलल्याची ओळ समोर आली. लिंक पूर्ववत केली, 'एलडीकॉन्फिग' चालवलं, सर्व्हर उठला. काम वीस मिनिटांचं होतं. पण तोवर बाहेर गाड्या भरत होत्या आणि रात्रीच्या तापमानाची नोंद नव्हती, ती निर्यातदाराला दाखवावी लागते. तो मुलगा हुशार आहे, त्याला फक्त कोणी सांगितलं नव्हतं की या लायब्ररीवर पायथन एकटं उभं नाही.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काहीही असेल तर हात बाजूला घ्या आणि लिनक्सचं काम करणाऱ्या जाणकाराला बोलवा.

सिस्टीमची लिबएसएसएल किंवा लिबक्रिप्टो आधीच बदलली गेली असेल. तुमचं एसएसएच सेशन अजून चालू असेल तर ते बंद करू नका आणि मशीन रीस्टार्ट करू नका. ते उघडं सेशन हाच आत जायचा शेवटचा दरवाजा असू शकतो. दुसऱ्या टर्मिनलवरून नवीन लॉगिन लागतं का तेवढं बघा, आणि फोन करा.

मशीनवर उत्पादन, वजनकाटा किंवा कोल्ड स्टोरेजचं नियंत्रण चालू असेल आणि बदली मशीन नसेल.

ग्राहकांचे पैसे किंवा आधार कार्डासारखी माहिती त्या मशीनवरून जात असेल. इथे प्रश्न पायथनचा नसून आधार संपलेली सिस्टीम वापरात ठेवायची का, हा आहे.

मशीन एएमसीखाली, म्हणजे वार्षिक देखभाल कराराखाली, असेल. लायब्ररी बदलल्यावर करार राहतो का ते आधी विचारा, लेखी.

आणि सहावी-सातवी पायरी दोनदा नीट करूनही एलडीडीत मिश्र जोडी दिसत असेल.

बोलावलेल्या माणसाला या गोष्टी तयार ठेवून द्या, त्याचे दोन तास वाचतात आणि तुमचे पैसे: 'ईटीसी' मधल्या ओएस-रिलीज फाईलमधली आवृत्ती, दुसऱ्या तपासणीतल्या तिन्ही कमांडचं आउटपुट, कॉन्फिगरला दिलेली पूर्ण ओळ, कॉन्फिग.लॉग, आणि 'हिस्टरी' कमांडचं आउटपुट, त्यातलं काही न खोडता. मी स्वतः /ऑप्ट/ओपनएसएसएल३ मध्ये एक साधी टेक्स्ट फाईल ठेवते: बांधल्याची तारीख, आवृत्ती, चेकसम, दिलेले पर्याय. ३.० च्या मालिकेचा आधार ७ सप्टेंबर २०२६ पर्यंतच आहे, त्यामुळे नव्याने बांधत असाल तर ३.५ घ्या, तिला एप्रिल २०३० पर्यंत आधार आहे. ३ च्या सगळ्या आवृत्त्यांची लायब्ररी 'लिबएसएसएल.एसओ.३' याच नावाची आणि आपापसांत जुळणारी असते, म्हणून पुढची दुरुस्ती आली की त्याच प्रीफिक्सवर तेच पर्याय देऊन पुन्हा बांधायचं. पायथन पुन्हा कंपाईल करावं लागत नाही, फक्त चालू असलेल्या स्क्रिप्ट रीस्टार्ट करायच्या.